पाण्यावरचा तवंग

आमच्या घरी कालवण शिजत आले की आई टोपावरचे झाकण काढून आधी वर काय आले आहे ते पाहायची. लालसर तेलाचा पातळ थर कडेकडेने फिरू लागला की म्हणायची, "तवंग आला, उतरवा आता." मीठ चाखायच्या आधी तिची ही परीक्षा. तेल मसाल्यातून सुटून पाण्यावर आले म्हणजे मसाला शिजला. लहानपणी मी तिला विचारले होते, "तेल वरच का येते?" ती म्हणाली, "त्याचे आणि पाण्याचे जमत नाही, म्हणून." या उत्तरात केवढे शास्त्र आहे हे कळायला माझे अर्धे आयुष्य गेले.

मी शास्त्राचा माणूस नाही. महाडला बी. ए. केले, कविता लिहिल्या. पण तेल, तूप आणि चरबी यांच्या इतिहासाच्या मागे मी काही वर्षे लागलो. त्याला घरचे एक कारण घडले. ते पुढे ओघाने येईलच.

महाडहून सावित्री नदी बाणकोटच्या खाडीकडे निघते, त्या वाटेवर खाडीपट्ट्यात आमचे तुडील गाव आहे. भात, मासे, नारळ आणि परदेशातून येणारी मनीऑर्डर यांवर उभे असलेले. आज घरोघरी पिशवीतले तेल येते. पण आमच्या आजीच्या तोंडी खोबरेल, तिळेल, करंजेल, उंडेल अशी तेलाची वेगवेगळी नावे असत. खायचे वेगळे, डोक्याला लावायचे वेगळे, दिव्याचे वेगळे आणि होडीला चोपडायचे वेगळे.

ही तेले गाळायची कोणी? आपल्या जिल्ह्याला १९८१ साली रायगड हे नाव मिळाले, त्याआधी हा कुलाबा जिल्हा. या कुलाब्यात गावोगावी घाणा चालवणाऱ्यांत एक समाज होता बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे आपले यहुदी. त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे ते गावोगाव पसरले आणि गावांचीच आडनावे घेऊन राहिले: दिवेकर, केहिमकर, पेणकर, अष्टमकर, नवगावकर. शनिवारी त्यांचा घाणा बंद. म्हणून लोकांनी त्यांचे नाव ठेवले 'शनवार तेली'. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते 'सोमवार तेली'. १८८३ साली छापलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरातही या तेली यहुद्यांची नोंद आहे.

मला या नावाचे फार कौतुक वाटते. माणसाचा धर्म कोणता, हे गावाने त्याच्या सुट्टीच्या वारावरून ओळखले आणि तेल त्याच्याचकडून घेतले. त्या तेलाचा दिवा मंदिरात लागला, मशिदीत लागला आणि खुद्द त्यांच्या प्रार्थनाघरातही लागला. १९४८ नंतर यांतले बहुतेक लोक इस्रायलला गेले. अलिबागेत इस्रायल आळी आणि तिथले सिनेगॉग मात्र अजून उभे आहे. तेलातुपाला आपल्याकडे 'स्नेह' म्हणतात आणि मायेलाही 'स्नेह'च म्हणतात. कॉलेजातल्या स्नेहसंमेलनाला कोणी तेलाच्या बुधल्या घेऊन जात नाही, पण शब्द मूळचा एकच. तो बनवणाऱ्याला दोन्ही ओळखीचे असणार.

आमच्या भागाचे खास तेल म्हणजे रातांब्याचे. आमसूल करून उरलेल्या बिया वाळवायच्या, कुटायच्या, पाण्यात उकळायच्या. पाणी निवले की वर पांढरा थर धरतो. तो मुठीत दाबून त्याचे गोळे करतात. कुठे त्याला मुठेल म्हणतात, कुठे भिरंडेल, तर कुठे नुसते कोकमाचे तेल. पायाच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना त्यासारखे औषध नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईत काम केलेल्या विल्यम डायमॉक यांच्या वनस्पतींवरच्या ग्रंथातही कोकमाच्या या तेलाची दखल आहे. आमच्याकडचे पुरुष बोटीवर कामाला जात, तेव्हा त्यांच्या ट्रंकेत कपड्यांच्या घडीत असा एखादा गोळा हमखास असायचा.

१९७८ सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा होतो. आईला दिवस पुरे व्हायच्या आत, सातव्या महिन्यात, मुलगा झाला. सुईणीने त्याला कापसात गुंडाळले. दादीने तेच कोकमाचे तेल तव्यावर वितळवून त्याच्या छातीला चोळले. मला आठवते ती त्याची छाती. प्रत्येक श्वासाला फासळ्या आत ओढल्या जायच्या आणि कण्हल्यासारखा बारीक आवाज यायचा. महाडला नेईपर्यंत दुसरा दिवस उजाडला आणि वाटेतच सारे संपले. आमच्या बाळाला काय कमी पडले ते तेव्हा कोणालाच कळले नाही. मला कळले ते छत्तीस वर्षांनी. कमी पडले होते ते एक स्निग्ध द्रव्य, तेही चिमूटभर.

तेल म्हणजे नेमके काय, हे जगालाही फार उशिरा कळले. १७८३च्या सुमारास स्वीडनच्या कार्ल शेले यांनी ऑलिव्हचे तेल शिशाच्या भस्माबरोबर तापवले, तर एक गोड, चिकट द्रव हाती आला. तेच आपले ग्लिसरीन. पुढे फ्रान्सचे मिशेल शेव्हरुल यांनी १८११पासून साबण आणि चरबी यांचा पिच्छा पुरवला आणि १८२३ साली प्राण्यांच्या चरबीवर आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. हे गृहस्थ १०२ वर्षे जगले. त्यांनी दाखवले की तेल असो, तूप असो की चरबी, रचना एकच. ग्लिसरीनच्या दांडीला मेदाम्लाच्या तीन लांब शेपट्या. तीन दात उरलेली फणी डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झाले. या मेदाम्लांना नावे देण्याचे कामही त्यांनीच केले. पित्ताच्या खड्यांतून मिळणाऱ्या द्रव्याला त्यांनी जे नाव दिले, त्यावरूनच आजचा 'कोलेस्टेरॉल' हा शब्द आला.

मग एक तेल पातळ आणि एक तूप घट्ट, असे का? याचे उत्तर सरपणाच्या मोळीत आहे. काठ्या सरळ असल्या की मोळी घट्ट बसते. वाकड्या काठ्यांची मोळी सैल, कशीही घसरणारी. काही मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात, त्यांना संपृक्त म्हणतात. काहींना मधेच कोयत्यासारखा बाक असतो, ती असंपृक्त. शेंगदाण्याच्या तेलात बाकदार काठ्या जास्त, म्हणून ते पातळ राहते. कोकमाच्या तेलात बहुतेक ठिकाणी दोन काठ्या सरळ आणि मधली एक वाकडी. म्हणून ते घरात दगडासारखे घट्ट असते आणि चाळीस अंशांच्या आसपास वितळते. टाचेवर घासले की अंगाच्या उबेने मऊ पडते ते यामुळेच. खोबरेलातल्या काठ्या सरळ खऱ्या, पण आखूड, म्हणून ते पंचवीस अंशांच्या आसपासच वितळते आणि पौषाच्या थंडीत बाटलीत गोठून बसते. थंड पाण्यात राहणाऱ्या माशांच्या तेलात तर बाकावर बाक. ते गोठले तर मासाच ताठून जाईल.

कोकमाच्या बीमध्ये जे सरळ काठीचे स्टिअरिक आम्ल भरपूर असते, तेच गुराढोरांच्या चरबीतही असते. 'स्टिअर' हा मूळ ग्रीक शब्दच चरबीचा. रातांब्यातून काढा की जनावरातून, शुद्ध केलेले स्टिअरिक आम्ल तराजूत, परीक्षानळीत, कुठेही वेगळे ओळखू येणार नाही. रेणूवर झाडाचे नाव लिहिलेले नसते आणि जनावराचेही नसते.

पण माणसाचा इतिहास रेणूंवर चालत नाही. १८५७ साली एनफिल्ड बंदुकीची नवी काडतुसे आली. ती दातांनी फाडावी लागत आणि त्यांना चरबी लावलेली असे. ही चरबी गाईची आणि डुकराची आहे, ही बातमी छावण्याछावण्यांतून पसरली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उठला, १० मेला मेरठची पलटण उठली. उठावाला इतर कारणे पुष्कळ होती, पण ठिणगी पडली ती काडतुसावरून. लावलेली चरबी कोणत्या जनावराची, याची काळजी कोणी घेतलीच नव्हती. काही इंग्रजांना वाटले, एवढ्याशा चरबीसाठी हे लोक मरायला तयार झाले! मला वाटते, त्यांना प्रश्नच समजला नाही. शिपायांचे भांडण रेणूशी नव्हते. आपल्याला न विचारता, न सांगता, आपल्या तोंडात कोणीतरी काहीतरी घालतो आहे, हा राग होता.

या गोष्टीचा पुढचा धडा आपल्या मुंबईत गिरवला गेला. निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन वायू जोडायची युक्ती फ्रान्सच्या पॉल साबात्ये यांनी शोधली. तीच तेलाला लावून पातळ तेल घट्ट करण्याचे पेटंट जर्मनीच्या व्हिल्हेल्म नॉर्मन यांनी १९०२ साली घेतले. वाकड्या काठ्या सरळ करायच्या आणि मोळी आवळायची, एवढेच ते तंत्र. १९३१ साली हिंदुस्तान वनस्पती कंपनी स्थापन झाली, १९३२मध्ये शिवडीला कारखाना सुरू झाला आणि १९३७ साली 'डालडा' बाजारात आला. नारळाच्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा डबा! आमच्या गावात मुंबईहून सुट्टीला येणारा प्रत्येक चाकरमानी तो घेऊन येई. डालडा संपल्यावर डब्यात तांदूळ, मग तुळस नाहीतर मोगरा. ईदची बिर्याणी, लग्नाचा जर्दा, सगळे त्यातच. साजूक तूप ज्यांना स्वप्नातही परवडत नव्हते, त्यांच्या ताटात तुपासारखे काहीतरी आले.

'तुपासारखे' यातच गोम होती. दिसायला सारखे म्हणून व्यापारी ते तुपात मिसळू लागले. गांधीजींनी वनस्पतीला विरोध केला. स्वातंत्र्यानंतर त्यावर बंदी घाला, निदान त्याला रंग तरी द्या, अशी मागणी संसदेपर्यंत गेली. शेवटी जी तोड निघाली ती मला कवितेसारखी वाटते. वनस्पतीत निदान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती सरकारने केली. तिळाच्या तेलात एक द्रव्य असे असते, की तीव्र आम्ल आणि फरफ्युराल घातल्यावर ते गुलाबी-लाल होते. तुपात वनस्पती मिसळलेली असेल तर परीक्षानळी लाजून लाल होते. खोटे पकडायला साक्षीदार कोण, तर आपल्या घाण्यावरचा तीळ! जिभेला कळणार नाही ते सांगण्याची जबाबदारी बनवणाऱ्यावर टाकली गेली. १८५७ साली जे झाले नाही, ते इथे झाले.

वनस्पतीचे दुसरे गुपित मात्र उशिरा फुटले. काठ्या सरळ करताना काही काठ्या हायड्रोजन न घेताच पिळवटून सरळ होतात. त्यांना ट्रान्स मेदाम्ले म्हणतात. १९९० साली नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि कटान यांनी दाखवले की ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवतात आणि चांगले कमी करतात. डेन्मार्कने २००३ साली त्यांवर २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्याकडे ही मर्यादा २०२१ साली ३ टक्क्यांवर आणि २०२२पासून २ टक्क्यांवर आली. आमच्या खाडीपट्ट्यात चाळिशी-पन्नाशीत छातीत कळ येऊन गेलेली माणसे मी मोजू शकतो. प्रत्येकाचे खापर डालड्यावर फोडणे बरोबर नाही. विडी होती, साखर होती, परदेशातल्या एकटेपणाची काळजी होती. पण तो पिवळा डबा अगदीच निर्दोष नव्हता.

तेव्हापासून चरबी म्हटले की आपल्याला धास्ती. रक्ताचा रिपोर्ट हाती आला की आधी कोलेस्टेरॉलचा आकडा बघतो. पण ज्याला आपण वैरी समजतो, त्याच्यावाचून शरीर एक घटकाही चालणार नाही. एक ग्रॅम स्निग्धातून नऊ उष्मांक मिळतात, तर भात-भाकरीतल्या पिष्टातून चार. पाणी काढून टाकले तर मेंदूच्या उरलेल्या वजनात निम्म्याहून अधिक भाग स्निग्ध द्रव्यांचा भरतो. मज्जातंतूंवरचे वेष्टण स्निग्धाचे. कोलेस्टेरॉलपासून पित्तरस बनतो, स्त्री-पुरुषांची संप्रेरके बनतात. त्याच्याच एका भावंडापासून अंगावर ऊन पडल्यावर डी जीवनसत्त्व बनते. आणि यांहून मोठे काम आहे ते त्या तवंगाचे. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे.

१७५७ साली बेंजामिन फ्रँकलिन जहाजाने इंग्लंडला चालले होते. ताफ्यातल्या दोन जहाजांमागचे पाणी त्यांना चमत्कारिक गुळगुळीत दिसले. कप्तान म्हणाला, आचाऱ्यांनी तेलकट पाणी ओतले असेल. ही गोष्ट त्यांच्या मनात राहिली. पुढे लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यावर त्यांनी चहाचा एक चमचा तेल ओतले. ते पसरत पसरत सुमारे अर्धा एकर पाणी आरशासारखे झाले. १७७४ साली हा प्रयोग छापून आला. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर, म्हणजे तो थर किती पातळ असेल! एका रेणूएवढा, हा हिशेब मांडायला आणखी शंभरावर वर्षे लागली.

तो मांडण्यात एका बाईचा वाटा मोठा आहे. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पोकेल्स नावाची मुलगी होती. तिला शास्त्र शिकायचे होते, पण तेव्हा मुलींना विद्यापीठात प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांची सेवा, घरकाम आणि भांडी यांत तिचे दिवस गेले. पण भांड्यांच्या खरकट्या पाण्यावरचा तवंग ती बघत राहिली. साधे पत्र्याचे पन्हाळे घेऊन त्यात पाणी भरायचे, वर तेलाचा थर पसरायचा, पट्टीने तो दाबायचा आणि पाण्याची ओढ किती कमी झाली ते मोजायचे. अशी वर्षे गेली. १८९१ साली तिने लॉर्ड रॅले यांना पत्र लिहिले. त्यांचा मोठेपणा असा, की त्यांनी ते पत्र जसेच्या तसे 'नेचर' या नियतकालिकात छापायला धाडले. आज प्रयोगशाळांतून तवंग मोजायचे जे उपकरण वापरतात, ते मुळात या बाईंच्या स्वयंपाकघरातले. हे वाचले आणि मला कालवणाकडे बघणारी माझी आई दिसली.

पुढची पायरी १९२५ सालची. हॉलंडमधल्या लायडेनचे बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गॉर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी मोजून घेतल्या, त्यांतले स्निग्ध द्रव्य काढले आणि पाण्यावर पसरले. त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली. निष्कर्ष सरळ होता. प्रत्येक पेशीभोवती तवंगाचे दोन थर आहेत, एकाला एक पाठ लावून. त्यांच्या मोजणीत चुका दोन होत्या, काही स्निग्ध काढायचे राहिले होते आणि पेशींचे क्षेत्रफळ कमी धरले गेले होते. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर आले. विद्येच्या दारातही नशीब लागते!

हे स्निग्ध साध्या तेलाहून थोडे वेगळे असते. त्याच्या तीन शेपट्यांपैकी एकीच्या जागी फॉस्फरसयुक्त डोके असते. डोक्याला पाणी आवडते, शेपट्यांना आवडत नाही. म्हणून ते पाण्यात आपोआप दुपदरी पडदा धरतात, डोकी बाहेर आणि शेपट्या आत. या पडद्याची जाडी म्हणजे एका मिलिमीटरचे दोन लाख भाग करावेत त्यांतला एक. या बाजूलाही पाणी, त्या बाजूलाही पाणी, मधे एवढासा तवंग. तो आहे म्हणून आतले ते आत आणि बाहेरचे ते बाहेर. आणि हा पडदा कोरडी भिंत नाही. १९७२ साली सिंगर आणि निकल्सन यांनी त्याचे जे चित्र मांडले, त्यात तो वाहता आहे, त्यात प्रथिनांची दारे आहेत, ये-जा चालू आहे. मी महाडजवळचा माणूस. १९२७ साली चवदार तळ्याचे पाणी माणसांना शिवू देत नव्हते, त्या गावात मी शिकलो. पाण्याभोवती कुंपण घालावे तर कसे, हे त्या पेशीकडून शिकावे असे मला तेव्हापासून वाटते. जिवंत राहायचे तर कुंपणाला दारे हवीतच.

आता घरची गोष्ट.

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी बारीक फुगे असतात. त्यांना आतून पाण्याचा पातळ ओलावा असतो. पाण्याचा स्वभाव आक्रसण्याचा. नुसते पाणी असते तर प्रत्येक श्वास सोडल्यावर ते फुगे चिकटून मिटले असते. मिटत नाहीत, कारण त्या पाण्यावर एक तवंग असतो. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये पॅटल आणि अमेरिकेत क्लेमेंट्स यांनी हा तवंग ओळखला. १९५९ साली मेरी एलन एव्हरी या डॉक्टर बाईंनी आणि त्यांचे सहकारी मीड यांनी दाखवून दिले की दिवस भरण्याआधी जन्मलेली, धापा टाकत गेलेली बाळे याच तवंगावाचून गेली. हे द्रव्य पुरेसे तयार होते ते आठव्या महिन्याच्या सुमारास. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत याच आजाराने गेला. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसालाही तो तवंग विकत मिळाला नाही. १९८० साली जपानचे फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेल्या द्रव्याने दहा बाळांवर उपचार केल्याचे प्रसिद्ध केले, आणि चित्र पालटले.

आणि गंमत पाहा. या तवंगाचा मुख्य रेणू दोन सरळ, संपृक्त शेपट्यांचा आहे. सरळ काठ्या घट्ट बसतात, म्हणूनच ती मोळी फुप्फुसाला मिटू देत नाही. ताटात ज्या सरळ काठ्यांना आपण भितो, त्याच छातीत आपल्याला तारतात. स्निग्ध चांगले की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कुठे आणि किती, हे विचारायला हवे.

२०१४ साली माझ्या भाचीला मुंबईत तिसाव्या आठवड्यात मुलगा झाला, बाराशे ग्रॅमचा. मी काचेतून पाहिले आणि छत्तीस वर्षांपूर्वीची छाती ओळखली. त्याच आत ओढल्या जाणाऱ्या फासळ्या, तेच कण्हणे. तरुण डॉक्टर बाहेर आल्या. आमची नावे फॉर्मवर होतीच. त्या म्हणाल्या, "बाळाच्या श्वासनळीत एक औषध सोडायचे आहे. आत्ता माझ्याकडे आहे ते डुकराच्या फुप्फुसातून काढलेले आहे. गाईचेही मिळते, पण मागवायला वेळ लागेल. तुम्हाला सांगणे माझे काम आहे."

आम्ही सगळे गप्प झालो. जावई माझ्याकडे बघू लागले, मी जमिनीकडे. मनात १८५७ साल उभे राहिले, ही तीच दोन जनावरे. मजबुरीत जीव वाचवण्यासाठी मनाई उठते, हे आम्हाला ठाऊक होते, पण ठाऊक असणे आणि तोंडाने हो म्हणणे यांत अंतर असते. ते अंतर माझ्या आईने तोडले. कोपऱ्यातल्या बाकावर ती तसबीह घेऊन बसली होती. म्हणाली, "बेटा, वेळ घालवू नकोस, दे. माझे एक पोर असेच गेले. हराम-हलाल मोठ्यांना विचारतात, दोन तासांच्या बाळाला नाही." मग जरा थांबून डॉक्टरांना म्हणाली, "पण तू सांगितलेस, बरे केलेस."

औषध होते पांढरे, ताकासारखे, जेमतेम तीन मिलिलिटर. त्यात स्निग्ध पाव ग्रॅमही नसावे. तासाभरात छातीचे ओढणे कमी झाले. दुसऱ्या दिवशी कण्हणे थांबले. ते पोर आज शाळेत जाते, खाडीत पोहते आणि कालवणातला मासा तेवढा उचलून रस्सा टाकून देते. भारतात शेळीच्या फुप्फुसातूनही असे औषध बनवून त्याच्या चाचण्या झाल्या आहेत. त्यामुळे पुढच्या कोणा नानीला तो प्रश्न कदाचित पडणारही नाही. पण प्रश्न पडला, तर तो विचारणारी तशी डॉक्टर तिला भेटो.

नंतर मी आईला सगळे समजावून सांगितले. फ्रँकलिनचे तळे, पोकेल्सबाईंचे पन्हाळे, फुप्फुसातले फुगे. तिने शांतपणे ऐकून घेतले. मग विचारले, "म्हणजे आपल्या त्या पोरालाही एवढेच हवे होते?" मी म्हटले, "बहुधा एवढेच." ती बराच वेळ काही बोलली नाही. दादीने त्या रात्री छातीला चोळलेले तेल बाहेरच राहिले आणि ते हवे होते आत. माया कमी नव्हती, वाट माहीत नव्हती.

आईचे आता वय झाले. डोळ्यांना कमी दिसते. चुलीची जागा गॅसने घेतली आहे, तेल पिशवीतले आहे. तरी कालवण उतरवायच्या आधी सुना तिला हाक मारतात. ती टोपावर वाकते, क्षणभर बघते आणि म्हणते, "आला. उतरवा आता."